तटावरची म्हातारी

खेळ बाजारात आला आणि पोस्टमास्तरणीचं जेवण रोज थंड व्हायला लागलं. ऑफिसात सगळे तिला पोस्टमास्तरीणच म्हणत, कारण खेळाडू जे काही लिहीत ते सगळं आधी तिच्या टेबलावर यायचं. तिनं ते वाचायचं, कौतुक एकीकडे, तक्रारी दुसरीकडे, शिव्या कचऱ्यात अशी निवडानिवड करायची आणि संध्याकाळी साहेबांना त्याचं सार सांगायचं. काम सोपं वाटतं. ज्याला वाटतं त्यानं आठवडाभर करून बघावं.

खेळाचं नाव 'तटबंदी'. जुन्या काळचा एक किल्ला, तटाच्या आत गाव, बाहेर तुमचं सैन्य. धान्य साठवा, घोडे पोसा, शिड्या बांधा, किल्ला घ्या. यात बुद्धिबळासारखी आळीपाळी नाही. तुम्ही डोकं खाजवत बसलात तरी समोरचा थांबत नाही, दोघांचं घड्याळ एकदमच पळत असतं. लोकांना वेड लागलं होतं, आणि वेड लागलेली माणसं मतं फार देतात. पुलावर घोडे अडकतात. हत्ती फारच स्वस्त ठेवलेत. त्या काळी अशा तोफा नव्हत्या, जरा शाळेतला इतिहास पुन्हा वाचा. एकानं तर लिहिलं होतं, खेळ उत्तम आहे, बायको माहेरी गेली, म्हणून एक तारा कमी.

पण सगळ्यांत जास्त मतं होती ती म्हातारीबद्दल.

किल्ल्याच्या तटावर एक म्हातारी उभी असे. सैन्य दिसलं रे दिसलं की ती ओरडायची, "आले गं बाई आले! दारं लावा!" त्या हाकेसरशी वेशीचे दरवाजे बंद, पहारेकरी जागे, आणि खेळाडूच्या नाकी नऊ. खेळाडूंनी तिचं नाव भोंगाबाई ठेवलं होतं. भोंगाबाईला आधी गप्प करा, मग किल्ला तुमचाच, असं जो तो एकमेकांना सांगत होता. कुठल्या बाजूनं चढायचं, बाण कुठून सोडायचा, तिनं तोंड उघडायच्या आत कसं उरकायचं. सगळं अगदी हसतखेळत लिहिलेलं. पोस्टमास्तरणीला मात्र हसू येत नसे, कारण तो आवाज तिच्या आईचा होता.

आई शाळेत पी.टी. शिकवायची. हातात शिट्टी न घेता अख्खं मैदान सरळ रांगेत उभं करायची. मग ती निवृत्त झाली, पाठोपाठ वडील गेले, आणि घरातला आवाजच गेला. हो, नाही, ठेव तिथे, एवढ्यावर तिचा दिवस निघायचा. मुलगी घाबरून गेली होती. हिला बोलतं कसं करायचं, या विचारानं तिची झोप उडाली होती.

अशातच एकदा कानसेन घरी आला. कानसेन म्हणजे ऑफिसातला आवाजाचा माणूस. चमचा बशीत पडला तरी तो सूर चुकला म्हणून तोंड वाकडं करणार. तो चहा पीत बसलेला असताना आईनं गॅलरीत जाऊन पार कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याला हाक मारली. कानसेनचा चहा शर्टावर सांडला.

"काकू," तो म्हणाला, "हीच हाक मला हवीय."

स्टुडिओत नेलं तर आईचा आवाज आखडला. बंद खोलीत मी हाक मारायची कुणाला, असा तिचा रोकडा सवाल. शेवटी कानसेननं गॅलरीतच माइक लावला, आणि आईनं सगळी गल्ली हादरवून सोडली. त्या दिवसापासून ती बोलायला लागली. नुसती बोलायला नाही, गुणगुणायला लागली.

म्हणून मुलीनं खोटं बोलायला सुरुवात केली. रात्री जेवताना आई विचारायची, "आज काय म्हणतात माझे लोक?" आणि मुलगी सांगायची, म्हणतात की तुमच्यामुळे किल्ला जिवंत वाटतो. म्हणतात, असा आवाज घरात असावा. एकेक वाक्य ती ऑफिसातून येताना बसमध्ये जुळवून ठेवी. आई ऐकता ऐकता एक पोळी जास्त खायची. त्या पोळीसाठी तर हा सगळा खटाटोप होता.

आईनं ही कीर्ती घरात थोडीच ठेवली! खालचा शिंपी, वरच्या मजल्यावरचं जोडपं, समोरच्या इमारतीतल्या नर्सबाई आणि त्यांचा भाऊ, सगळ्यांना कळलं. कुणीही खालून ओरडावं, "काकू, होऊन जाऊ द्या!" आणि आईनं पदर खोचून गॅलरीत यावं. "आले गं बाई आले! दारं लावा!" की वरून, समोरून, खालून टाळ्या. दिवसातून कितीदा तरी हे चाले. मुलीला ते बघून भरून यायचं.

मग पायदळ आला.

पायदळ हे त्या खेळाडूनं स्वतःच घेतलेलं नाव. इतरांसारखा तो शिव्या देत नसे. शुद्ध लिहायचा, 'कृपया' आणि 'आभारी आहे' वापरायचा. त्याचा पहिला अभिप्राय इतिहासाबद्दल होता. म्हातारीच्या हाकेमागे बारीकशी घंटा ऐकू येते, घड्याळाच्या मनोऱ्याची. त्या काळात असे मनोरे नव्हते. कृपया ही चूक दुरुस्त करावी.

पोस्टमास्तरणीनं तो कानसेनला दाखवला. आपण सोडून दुसऱ्या कुणाला तरी ती घंटा ऐकू आली, याचाच कानसेनला कोण आनंद! त्यानं तिथल्या तिथे, सगळ्यांना दिसेल असं उत्तर टाकलं. धन्य तुमचे कान! स्टुडिओतली नक्कल नाही, खऱ्या आजींच्या खऱ्या गॅलरीतला आवाज आहे हा.

"तू हे कशाला लिहिलंस?" तिनं विचारलं.

"अगं, दाद देणारा माणूस आहे. दुर्मीळ जात आहे ही."

पुढचा अभिप्राय तिनं दोनदा वाचला. आभारी आहे, पायदळनं लिहिलं होतं. घंटेचा शेवटचा ठोका फुटका येतो. अशी घंटा आपल्या शहरात एकच आहे. त्यानंतरचा: आज त्या मनोऱ्याखाली उभा होतो. हेडफोन लावून हाक पुन्हा पुन्हा ऐकली. घंटा डावीकडून येते, म्हणजे आजी उजव्या अंगाला राहतात. आणि शेवटी खेळाबद्दल दोन ओळी, जशा कुणीही लिहील. मी ही लढाई नेहमी हरतो. तिनं हाक मारली की माझे हात थांबतात. हे बरं नाही.

ती अभिप्राय घेऊन साहेबांकडे गेली. साहेब वाईट माणूस नव्हता. त्याला फक्त आकडे वर जाताना बघायची सवय लागली होती.

"हा आपला सगळ्यात जास्त वाचला जाणारा खेळाडू आहे," तो म्हणाला. "याचं लिखाण पुसलं तर लोक आपल्यावरच तुटून पडतील. आणि यात धमकी कुठाय? इतकं सभ्य लिहितो बिचारा."

"साहेब, ती माझी आई आहे."

"मला कळतंय ना. पुढच्या आवृत्तीत आवाज बदलू आपण. तोवर जरा धीर धर."

चौकीतल्या हवालदारानं तिला बसायला खुर्ची दिली, तिचं नीट ऐकून घेतलं, मग मान तिरकी करून विचारलं, "म्हणजे मारलं कुणाला?"

"अजून कुणाला नाही. खेळातल्या म्हातारीला मारतात."

"तिला तर मीही मारतो," हवालदार म्हणाला, आणि मग तिचा चेहरा बघून ओशाळला. "नाही म्हणजे, फावल्या वेळात. काही झालं तर लगेच या हं ताई."

काही झालं तर. ती बाहेर आली तेव्हा मनोऱ्याची घंटा वाजत होती, आणि शेवटचा फुटका ठोका तिनं आयुष्यात पहिल्यांदा लक्ष देऊन ऐकला. लहानपणापासून तो कानावर पडत होता. त्या आवाजावरून कुणी आपलं घर शोधेल, हे कुणाच्या स्वप्नात तरी आलं असतं का?

त्या रात्री तिनं आईला खरं सांगायचं ठरवलं. शब्द अगदी ओठांवर होते. आई ताट वाढत होती, गुणगुणत होती.

"आई, कुणी अनोळखी आलं तर दार उघडू नकोस."

"का गं? मी काय किल्ल्यात राहते?" आई स्वतःच्याच विनोदावर हसली. "ते राहू दे. आज काय म्हणतात माझे लोक? आणि तो तुझा पायदळ, तो काय म्हणतो?"

कारण पायदळचं नाव आईला माहीत होतं. हीच तर खरी गोम होती. सुरुवातीला, तो अजून इतिहासाच्या चुका काढत होता तेव्हा, एका रात्री मुलीला नवं काही सुचेना, म्हणून तिनं त्याचंच नाव घेतलं होतं. पायदळ नावाचा एक भला माणूस आहे, तुझा आवाज पुन्हा पुन्हा ऐकतो, तुझे पाय धरावेसे वाटतात म्हणतो. आईला तो फार आवडला होता. आता सांगायचं तर सगळंच सांगावं लागणार. तो भला नाही, आणि बाकीचेही कुणी तुझे लोक नाहीत. ते तुला भोंगाबाई म्हणतात. सगळे मिळून एकच गोष्ट शोधतायत, तुला गप्प कसं करायचं. हे ऐकून आई पुन्हा मुकी झाली असती. मुलीनं भाताचा घास घेतला, आणि तो गिळताना तिला स्वतःचा संताप आला.

"बरं म्हणतो," ती म्हणाली. "पण लोकांना असं घरात घ्यायचं नाही, एवढंच."

"बरं बाई," आई म्हणाली, म्हणजे तिनं ते या कानानं ऐकून त्या कानानं सोडून दिलं.

काही दिवस पायदळनं काहीच लिहिलं नाही. तिचा जीव थोडा भांड्यात पडला. मग एका दुपारी ऑफिसात आरडाओरडा झाला; सगळे कॉम्प्युटरभोवती जमले. पायदळ जिंकला होता, आणि त्यानं युक्ती लिहिली होती.

शिड्या नकोत, बाण नकोत, त्यानं लिहिलं होतं. एक माणूस पाठवा, एकटा, निःशस्त्र. त्याला दारावर पाणी मागू द्या. म्हातारी तटावरून खाली येते, दार उघडते आणि पाणी आणायला आत वळते. पाठ वळलेली असताना ती हाक मारत नाही. तेवढा वेळ पुरतो. हे खेळात ज्यांनी घातलं त्यांचा मी आभारी आहे.

"हे घातलं कुणी?" साहेबानं विचारलं.

पोस्टमास्तरणीनं. खेळ बनत असताना तिनंच आग्रह धरला होता. नुसती ओरडणारी म्हातारी नको, कुणी पाणी मागितलं तर तिनं द्यावं, माझी आई देते. तेवढंच तिला बरं वाटलं होतं.

खाली आणखी एक ओळ होती, नुकतीच टाकलेली. आज पाणी मागणार आहे.

बाकीच्यांना वाटलं, खेळातच. हाताखालून टेबल सरकावं तसं तिला झालं. तिनं फोन लावला. वाजत राहिला. मग आईनं उचलला, आणि तिचा आवाज नुसता फुललेला होता.

"अगं, बरा फोन केलास! ओळख बघू कोण आलंय?"

"आई—"

"पायदळ! एवढा पत्ता शोधत आलाय बिचारा. चपला काढून बसलाय सुद्धा. घसा कोरडा पडला म्हणाला, थांब, त्याला पाणी देते आधी."

"आई, आत जाऊ नकोस. त्याच्याकडे पाठ करू नकोस. ऐक. गॅलरीत जा आणि हाक मार."

"अगं, मी म्हटलंच त्याला, हाक ऐकवते म्हणून. तर म्हणतो, हाक नको आजी, नुसतं पाणी द्या."

"आई!" आपण किती मोठ्यानं ओरडलो ते मुलीला कळलं नाही. ऑफिसातली सगळी डोकी वळली. "मी तुला खोटं सांगत होते. त्यांना आवडत नाहीस तू. कुणालाच नाही. तो तुला मारायला आलाय. गॅलरीत जा, आई, हाक मार!"

मग आईनं, मैदानावरच्या त्या जुन्या, सपाट आवाजात, दोनच शब्द उच्चारले.

"बरं, जाते."

पावलं वाजली. भराभर, पण धावत नाही. गॅलरीचं दार करकरलं, गल्लीचा गोंगाट फोनमध्ये शिरला. आणि आईनं हाक मारली.

"आले गं बाई आले! दारं लावा!"

ती हाक मुलीनं खेळात हजारदा ऐकली होती. ही तशी नव्हती. हिच्या तळाशी भीती होती, खरीखुरी, ओली भीती, आणि ती ओळखू शकेल असं जगात एकच माणूस होतं. ती मुलगी इथे, शहराच्या दुसऱ्या टोकाला, फोन कानाला दाबून उभी होती. कानसेन दाराकडे धावला होता, साहेब कुणाला तरी फोन लावत होता. आई पुन्हा ओरडली. त्याच शब्दांत, कारण घाबरल्यावर तिला तेच आठवले.

"आले गं बाई आले! दारं लावा!"

वरच्या मजल्यावरून टाळ्या आल्या. समोरूनही आल्या. खालून शिंपी खुशीत ओरडला, "वा काकू! आज काय रंगात आहात! आणखी एकदा!"

मनोऱ्याची घंटा वाजायला लागली, डावीकडून. टाळ्या अजून चालूच होत्या. शेवटचा, फुटका ठोका पडला, आणि मग कुणीतरी आतून, अगदी हळूच, गॅलरीचं दार लावून घेतलं, आणि फोनमधल्या टाळ्या एकदम पुसट झाल्या.