सावलीला घाबरणारे तणहरबाबा

त्या रविवारी एकनाथकाकांच्या मक्याच्या बांधावर एवढ्या चपला पडल्या होत्या, की हैदराबादच्या कोठी बाजारात फुटपाथवर सेल लागलाय असं वाटावं. चपलांचे शहरी मालक शेतात हात जोडून उभे होते आणि डोळे फाडून जमिनीकडे बघत होते. कशासाठी? तर जमिनीवर तण नव्हतं म्हणून!

हसू नका. डावीकडच्या अर्ध्या शेतात गुडघाभर गवत आणि लव्हाळा माजला होता, मका त्यात बुडून गेला होता. उजव्या अर्ध्यात मात्र मका डोक्याच्या वर, आणि खाली मऊ हिरव्या वेलाची गादी. त्या गादीच्या मधोमध खरी गादी टाकून तणहरबाबा बसले होते.

"ये मामूली बेल नई है, भक्तो! मैं अक्षता फेंका, देवी बेल बनके उतरी! ॐ कलुपु कलुपु भस्मं भस्मं!"

कलुपु म्हणजे तेलुगूत तण. देवाशी संस्कृत, भक्तांशी हिंदी आणि तणाशी तेलुगू. बाबांनी कुणाचीच गैरसोय होऊ दिली नव्हती.

"मग डावीकडं असं का झालं, महाराज?" गर्दीतून एकानं विचारलं.

बाबांनी रस्त्याकडे बोट केलं. "उस औरत का साया पड़ा इधर. विधवा का साया!"

सगळ्या माना वळल्या. रस्त्यापलीकडे कडुनिंबाखाली माझी उषाआत्या उभी होती. तिनं पदर सारखा केला आणि खाली बघितलं.

आतोबा गेल्यापासून हे शेत आत्याच करते, बटईनं. जमीन काकांची, कष्ट तिचे, पीक अर्धं अर्धं. काका बेगम बाजारात धान्याचे ठोक व्यापारी. शेतात येतात ते गाडीतून उतरून फोटो काढण्यापुरते. यंदा आत्यानं डावीकडचं अर्धं पेरलं, तेवढ्यात काकांना कुणीतरी हे बाबा भेटवले. बाबांनी उजवीकडं गाठी मारलेला 'मंत्रलेला दोर' ताणून मका पेरायला लावला, मधल्या जागेत पिवळ्या अक्षता टाकल्या आणि त्याच दिवशी आत्याला शेतबंदी केली.

काका तसे वाईट नाहीत. खाली बघत म्हणाले होते, "उषाताई, राग धरू नका. हे पीक निघेस्तोवर बाहेरच राहा. पुढच्या वर्षीचं... बघू."

त्या 'बघू'नं आत्याची झोप उडाली. हे शेत गेलं तर तिच्या हातात दुसरं काय होतं?

माझे आजोबा, भिवाजी, एवढंच बोलले होते, "आमच्या लहानपणी गावात आपल्या अख्ख्या वस्तीच्या सावलीचा विटाळ होता. आता एकट्या उषाचाच राहिलाय. बरीच सुधारणा आहे म्हणायची!"

मी सुमेधा. नारायणगुड्याच्या शाळेत दहावीत आहे. मागच्या वर्षापर्यंत मी वर्गात हजेरीसुद्धा ओठातल्या ओठात द्यायचे. पण यंदा विज्ञान प्रदर्शनात सगळ्या शाळेसमोर माइकवर बोलले, आणि तेव्हापासून आई म्हणते की आता हिला गप्प करायचा मंत्र कुणी द्या. तर त्या रविवारी माझे पाय आपोआप पुढे गेले.

"बाबा, एक शंका आहे. चालेल का?"

"पूछ बच्ची, पूछ."

"मागच्या रविवारी तुम्ही मूठभर अक्षता दिल्या आणि देवघरात ठेवा म्हणालात. आमच्याकडे देवघर नाही, म्हणून मी वाटीभर पाण्यात टाकल्या. हळद उतरली. तांदळाचे तांदूळ राहिले, आणि बाकीचे दाणे काळ्या डोळ्यानं माझ्याकडे टकामका बघायला लागले." मी पिशवीतली वाटी काढून काकांच्या पुढ्यात धरली. "काका, हे काय आहे?"

काकांनी दाणा चिमटीत धरला. धंद्यातला माणूस, बोटं खोटं बोलत नाहीत. "चवळी. चांगला माल आहे."

"आणि ती देवीची वेल?"

काकांनी खाली वाकून पानं बाजूला सारली. आत बोटाएवढ्या कोवळ्या शेंगा लोंबत होत्या. आयुष्यभर चवळीची पोती विकणाऱ्या माणसानं चवळीची वेल पहिल्यांदा बघितली होती!

"अय्यो!" मागून कुणीतरी म्हणालं.

"चवळी रही तो क्या हुआ?" बाबा सावरले. "तण तो मंत्र से मरा!"

"मग माझ्यासोबत डावीकडं या."

मागच्याच रविवारी मी तिथल्या गवतावर एक घमेलं पालथं घालून ठेवलं होतं. ते उचललं. खालचं गवत पिवळं पडून जमिनीला चिकटलेलं. भोवतालचं मात्र हिरवंगार, डुलत होतं.

"मी मंत्र म्हटला नाही," मी म्हणाले. "घमेल्यानंही नाही. म्हटला असेल तर घमेलेबाबांची आरती करू या."

पहिल्यांदा एक बाई फिसकन हसली, मग सगळेच.

"तणाला ऊन लागतं. उजवीकडं दोराच्या गाठी मोजून ओळी जवळजवळ पेरल्या, मक्याची पानं लवकर एकमेकांना टेकली. मधली जमीन चवळीनं झाकली. उन्हाला खाली वाटच राहिली नाही. आणि जिथं वाट झाली, तिथं बघा की!"

मी बाबांच्या गादीकडे बोट केलं. दर्शनाला येणाऱ्यांनी तुडवून तिथली चवळी पार गेली होती, आणि गादीच्या चारही कडांनी कोवळं तण ऐटीत वर आलं होतं. अगदी महाराजांच्या मांडीला टेकून.

"मग डावीकडचं तण?" काकांनी हळूच विचारलं.

"तिथं ओळी लांब, मध्ये उघडी जमीन. दरवर्षी आत्या खुरपते. यंदा तिला तुम्ही येऊ दिलं का?"

तेवढ्यात बाबा "ध्यान का टाइम हो गया" म्हणत उठले आणि घाईत कुणाच्या तरी चपला घालून गाडीत बसले. माणूस जाताना डाव्या पायात लेडीज घालून गेला, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं.

काका रस्त्यापर्यंत चालत गेले. "उषाताई, चुकलं माझं. शेत तुमचंच आहे, पुढच्या वर्षीही. आत या."

आत्या आली. सकाळचं ऊन पाठीशी होतं. तिची लांबलचक सावली आधी शेतात शिरली, मग ती. मका जागच्या जागी उभा राहिला. आत्यानं खाली एक नजर टाकली आणि कपाळावर हात मारला.

"अगं बाई, ही तर चवळी! मी कधीच सांगितलं असतं. आणि शेंगा कुणी तोडल्या का नाहीत? निबर व्हायला लागल्या की!"

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बाबांना आत्याच्या सावलीची भीती नव्हतीच. भीती होती तिच्या डोळ्यांची! सगळ्या गर्दीत ती वेल ओळखणारी ती एकटी होती, म्हणून तिलाच बाहेर उभं केलं.

तर मंडळी, मका लावाल तेव्हा ओळी जरा जवळ घ्या, मध्ये चवळी पेरा, आणि वेल पसरेपर्यंत एकदा-दोनदा खुरपा. तोवरचं तण चवळीलाही आवरत नाही. मंत्र लागत नाही. आणि कुणी म्हणालं की अमक्या बाईची सावली वाईट, तिला लांब ठेवा, तर एकच करा. तिचा हात धरून तिला आत आणा आणि विचारा, "बाई, तुम्हाला इथं काय दिसतं?"

आम्हाला त्या रात्री चवळीच्या शेंगांची भाजी मिळाली. आजोबांनी दोनदा वाढून घेतली.