माळेगिरीचा अभ्यास दौरा

"अगं आई गं! सिस्टर, जीव घ्या माझा, पण हे थांबवा!"

ओरडणं मराठीत होतं, म्हणून सुलक्षणा चटकन वळली. दुबईतल्या त्या खासगी हॉस्पिटलात ती सात वर्षं नर्स होती. मल्याळीत, उर्दूत, अरबीत विव्हळणारे तिला सवयीचे होते. मराठीत विव्हळणारा क्वचित यायचा. इंजेक्शन भरून ती पलंगाशी गेली आणि चेहरा पाहून जागीच थबकली. वासुदेव हिंगमिरे. तिच्याच गावचे, माळेगिरी नगरपालिकेच्या आरोग्य समितीचे सभापती.

इंजेक्शन तिने नीटच दिलं.

मुतखडा होता. दुपारी कळ ओसरली तसा सभापतींना कंठ फुटला.

"माळेगिरीची तू? कुणाची गं?"

"पाणीपुरवठ्यात रोजंदारीवर रुपेश आहे ना, त्याची बहीण. लग्नाआधी मीपण आपल्याच दवाखान्यात होते."

"मग घरचीच की तू! अगं, आम्ही अकरा जण आलोय. अभ्यास दौरा आहे. आरोग्य आणि घनकचरा."

"काय काय बघितलं?"

सभापती खुलले. "वाळवंटात जीप काय उडवतात गं! सोन्याचा बाजार झाला. शॉपिंग फेस्टिव्हल चालूच आहे. उद्या बोटीवर जेवण."

"आणि दवाखाना?"

"हा काय, बघतोय ना!" म्हणून ते हसले आणि कूस धरून कण्हले.

माळेगिरीला चार दिवसांआड पाणी यायचं, तेही गढूळ. त्या पाण्याची पट्टी गावानं भरायची आणि तिच्यावर या अकरा जणांनी बोटीत जेवायचं. सुलक्षणा सलाइनचा वेग बघत राहिली.

"खोलीचं भाडं काय असतं इथं?" त्यांनी विचारलं.

"दिवसाचे सहाशे दिरहॅम."

"म्हणजे आपले सात हजार! बरं झालं, दौऱ्यातच बसेल."

"त्यात जीपचे टायर आले असते, साहेब."

"कुठली जीप?"

"दवाखान्याची. टायर नव्हते म्हणून अंगणात उभी होती. मैमुनाबीला रक्तस्राव होत होता. भरदुपारी बैलगाडीत घालून जिल्ह्याला नेली आम्ही. वाटेतच गेली. नंतर तुम्ही आलात आणि म्हणालात, टायरला तरतूद नाही."

सभापतींनी आठवून बघितलं. खरंच बघितलं, पण काही सापडलं नाही. "कोण मैमुनाबी? असेल बाई. तेव्हा तरतूदच नसेल."

नंतरचे दोन दिवस त्यांच्याकडे कुणी फिरकलं नाही. कळ पुन्हा उठली तेव्हा ते लहान मुलासारखे रडले, सुलक्षणाचा हात धरून "सोडून जाऊ नकोस" म्हणाले. तिने हात सोडवून घेतला नाही. हॉटेलात फोन लावला, तर नगराध्यक्ष म्हणाले, "जिवाला धोका नाही ना? मग असू दे त्याला तिथंच. आम्ही जरा मॉलमध्ये निघालोय."

चौथ्या दिवशी मात्र सगळे आले. पिशव्या, अत्तराचा घमघमाट, नव्या बुटांची करकर. परतीचं विमान रात्री होतं. सभापतींची चौकशी आटोपून नगराध्यक्षांनी खोलीभर नजर फिरवली आणि त्यांचे डोळे चमकले.

"अरे, दवाखाना आयताच आहे की! काढा कॅमेरा. आरोग्याचा फोटो एकसुद्धा नाही आपल्याकडे. सर्वसाधारण सभेत काय दाखवायचं?"

कुणीतरी दाराबाहेरच्या खुंटीवरचे पांढरे कोट आणले. सभापतीही उठले. सुई खुपसलेला हात पाठीमागे लपवून रांगेत उभे राहिले.

"ताई, तुम्ही पुढं या. मशीनकडे बोट करा. आम्हाला माहिती देताय असं दिसलं पाहिजे."

"मी कुठं माहिती दिली?" सुलक्षणा म्हणाली. "चार दिवसांत एकानं तरी विचारली का?"

"फोटोपुरतं हो."

"नाही. गावाच्या पैशानं तुम्ही मजा केलीत, ती तुमची. मी साक्षीला उभी राहणार नाही."

नगराध्यक्ष जवळ आले. आवाज अगदी मऊ होता. "रुपेश तुमचा भाऊ ना? सहा वर्षं झाली त्याला रोजंदारीवर. पुढच्या महिन्यात कायम करायची यादी माझ्याच टेबलावर येतेय. बघा, दोन मिनिटांचं काम आहे."

रुपेशला दोन मुलं होती. आई त्याच्याजवळ राहायची. सुलक्षणाने सभापतींकडे पाहिलं, ते छताकडे बघत होते.

"सुई ओढली जाईल, पलंगावर पडा," एवढंच ती त्यांना म्हणाली आणि बाहेर गेली.

फोटो निघालाच. घाईत त्यांनी व्हरांड्यातलं एक मोठं यंत्र मधे ओढून घेतलं आणि त्याच्याभोवती गंभीर चेहरे करून उभे राहिले. ते फरशी घासायचं मशीन होतं.

संध्याकाळी अल कुसैसच्या घरी नवरा भानुदास म्हणाला, "उभं राहायचंस की! क्लिक, खलास. त्यांचं काय वाकडं होणार आहे?"

"काही नाही होणार," ती म्हणाली. "मला माहीत आहे."

तसंच झालं. महिनाभरानं आईचा फोन आला. दौऱ्याचा अहवाल एकमतानं मंजूर झाला होता, फोटो सभागृहात लागला होता. रुपेशला कामावर येऊ नको म्हणून सांगितलं होतं. रुपेश स्वतः फोनवर आला नाही. मागून त्याचा आवाज तेवढा ऐकू आला, "तिला म्हणावं, तुझं काय गेलं असतं?"

भानुदासनं खटपट करून त्याला व्हिसा मिळवून दिला. अल क्वोजच्या गोदामात हेल्पर. खोलीत दहा जण, उन्हाळ्यात पत्रा तापायचा. शुक्रवारच्या सुट्टीत तो बहिणीकडे जेवायला यायचा. भाचीशी बोलायचा, भानुदासशी बोलायचा. सुलक्षणाशी नाही. ती वाढायची, तो मान खाली घालून जेवायचा आणि शेवटच्या घासाबरोबर उठायचा. ती कधी माफी मागायला गेली नाही. मागावी असं तिला वाटलंही नाही, पण शुक्रवारी सकाळपासून तिच्या हाताला चव राहायची नाही.

असे कितीतरी शुक्रवार गेले. एकदा त्याने आमटीचा भुरका मारला आणि ताटाकडे बघतच म्हणाला, "अक्का, मीठ कमी पडलंय."

"मामा, आय विल गेट इट," भाची इशिता म्हणाली.

"तू बस," सुलक्षणा म्हणाली. ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि बाहेर यायला तिला बराच वेळ लागला.