गटाराच्या गल्लीचं नवं नाव

माझी वहिनी ओब्दुलिया पायरीवर बसायची, कारण तिचे गुडघे गेले होते. बाकी काही कारण नव्हतं.

मेक्सिकोतल्या ग्वानाहुआतो शहरात आमची गल्ली म्हणजे नुसत्या पायऱ्या. खाली बाजार, वर आमची घरं. वहिनी सकाळी शाळेपाशी तामाले, मक्याच्या पिठाचे वाफवलेले उंडे, विकायची आणि उन्हं उतरताना परत यायची. एका हातात रिकामं पातेलं, दुसऱ्या हातात दुसऱ्या दिवसासाठी गिरणीतून दळून आणलेलं मक्याचं पीठ. गल्ली जिथे वळते तिथे एक रुंद पायरी आहे. तिथे ती पातेलं ठेवायची, डोक्यावरची शाल सारखी करायची आणि बसायची. कधीकधी दिवे लागेपर्यंत. मी एकदा विचारलं, "वहिनी, घर समोर दिसतंय, इथे कशाला बसतेस?"

"वर गेले की काम. इथे कोणी काही मागत नाही," ती म्हणाली.

शनिवारी संध्याकाळी काळे झगे घातलेली गाणारी मुलं शहर बघायला आलेल्या पाहुण्यांची रांग घेऊन गल्ल्यागल्ल्यांतून हिंडतात. प्रत्येक गल्लीच्या नावामागची गोष्ट सांगायची, गाणं म्हणायचं, पुढे जायचं. कुठे भूत, कुठे प्रेमी, कुठे विष घातलेली सून. आमच्या गल्लीचं नाव गटाराची गल्ली, कारण तिथून गटार वाहायचं. यावर गोष्ट काय सांगणार? एफ्रेन नावाचा एक मुलगा त्या टोळीचा म्होरक्या होता, विद्यापीठात शिकायचा, चांगल्या घरचा आणि गोड गळ्याचा. एका शनिवारी त्याने पायरीवर बसलेल्या वहिनीला पाहिलं आणि आवाज खाली आणून पाहुण्यांना म्हणाला, "हिचा नवरा तरुणपणी खाणीत उतरला, तो वर आलाच नाही. तेव्हापासून ही इथेच बसून वाट पाहते."

एका बाईने डोळे पुसले आणि वहिनीच्या मांडीवर एक फूल ठेवलं. वहिनी काही बोलली नाही. बोलायला दम हवा. गप्प राहिलं की लोक लवकर जातील, असं तिला वाटलं.

घरी येऊन तिने ते दादाला सांगितलं. माझा भाऊ क्रेसेन्सियो, त्याला सगळे चेंचो म्हणत. खाणीत उतरला होता आणि वरही आला होता, पण खाणीची धूळ छातीत घेऊन. पायऱ्या त्याला झेपेनाशा झाल्यापासून तो खिडकीजवळच्या खुर्चीतच असायचा.

"म्हणजे मी मेलो?"

"मेलास. खाणीत."

"बरं झालं. उद्यापासून ते कडू औषध नको." तो हसला आणि मग बराच वेळ खोकत राहिला.

पुढे दुसऱ्या टोळ्यांनीही ती गोष्ट उचलली. प्रत्येक टोळी दादाला वेगळ्या तऱ्हेने मारायची. शनिवार आला की तो विचारायचा, "आज कसा गेलो?"

"बुडून."

"खाणीत पाणी होतंच. पोरगं कोणाला तरी विचारून आलेलं दिसतंय."

"आज सुरी खुपसली तुला. दुसऱ्या बाईपायी."

"कोणती बाई ते नाही सांगितलं?"

"गप जेव."

त्याला मजा वाटायची. वहिनीला मात्र त्याचा त्रास व्हायला लागला. लोक तिच्या शेजारी बसून फोटो काढत. कोणी हात हातात घेई. तिने पायरी बदलून पाहिली, पण बाकीच्या पायऱ्या अरुंद, बसलं की घसरायला होई. मग एक दिवस न थांबता चढून आली आणि दारात पिठासकट पडली. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा त्याच पायरीवर.

वळणासमोर रेमेदिओसचं घर. तिने अंगणात टेबलं मांडली, आतोले नावाची मक्याची गरम पेज आणि तिखट रश्शातल्या एन्चिलादा पोळ्या विकायला लागली, दारावर पाटी लावली, 'वाट पाहणारीच्या समोर'. मग तिनेच नगरपालिकेकडे विषय काढला की गल्लीला 'वाट पाहणारीची गल्ली' हेच नाव द्या. एका रविवारी प्रार्थनेनंतर तिच्याच अंगणात सगळे जमले. पालिकेतून एक बाई आली होती, मृदू बोलणारी.

"जुन्या गल्ल्यांची नावं अशीच पडतात," ती म्हणाली. "कोणीतरी काही म्हणतं, लोकांना आवडतं, आणि ते राहतं."

मी म्हटलं, "पण माझा भाऊ जिवंत आहे. त्या खिडकीत बसलाय, बघा."

"तोमासा, चेंचोला कोण काय म्हणतंय?" रेमेदिओस म्हणाली. "गोष्टीतला माणूस वेगळा. आणि गटाराच्या गल्लीत राहते म्हणून माझ्या पोरीला शाळेत काय काय ऐकावं लागतं, ते तू ऐकलंयस का?"

ते खरं होतं. तिच्या मुलीला शाळेत घूस म्हणत.

पालिकेच्या बाईने वहिनीला विचारलं, "तुमचं काय म्हणणं?"

"माझे गुडघे दुखतात," वहिनी म्हणाली. "गुडघ्यांची गल्ली म्हणा."

सगळे हसले. ती हसली नाही. "मग काहीही म्हणा. मला मका भिजत घालायचाय." आणि ती उठून गेली. मागे हात वर झाले, नाव ठरलं.

पाटी लागायच्या आधीच दादा गेला. जानेवारीतल्या एका पहाटे, अंथरुणात, आम्ही दोघी जवळ असताना. वहिनीने त्याचा चेहरा पुसला आणि कितीतरी वेळ ओला रुमाल हातात धरून बसली.

आमच्या गल्लीत गाडी येत नाही. शवपेटी खांद्यावरूनच न्यावी लागते. दादाचे दोन्ही मुलगे उत्तरेला, सीमेपलीकडे अमेरिकेत, कागदपत्रांशिवाय. एकदा परत आले तर पुन्हा पलीकडे जाता येणार नाही, म्हणून ते आले नाहीत. शेजारी उरलेत ते म्हातारे. खांदे कमी पडत होते. रेमेदिओसने कोणाला तरी फोन केला, आणि दुपारी एफ्रेन आणि त्याचे मित्र वर आले. झगे नव्हते. साध्या स्वेटरमध्ये ती फारच लहान पोरं दिसत होती.

त्यांनी पेटी उचलली. वळणावर ती फिरेना, म्हणून रुंद पायरीवर टेकवावी लागली. सगळे धापा टाकत उभे राहिले. एफ्रेनच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

"मावशी, मला माहीत नव्हतं हो. मला वाटलं तुम्ही एकट्या आहात."

"आता आहे," वहिनी म्हणाली.

"मी ती गोष्ट परत नाही सांगणार."

"तू नाही सांगितलीस तर दुसरा सांगेल." तिने पेटीच्या झाकणावर हात ठेवला. "मी कधी कोणाची वाट पाहिली नाही रे पोरा. वेळच नव्हता. वाट हा बघायचा. पातेल्याचा आवाज आला की दार उघडायला उठायचा, आणि दारापर्यंत येईस्तोवर त्याचा दम जायचा. मी इथे बसले की तो तिकडे ताटकळायचा. मला ठाऊक होतं. तरी मी बसायचे."

एफ्रेनने बाहीने डोळे पुसले. मग हळूच म्हणाला, "मग मी हेच सांगू का?"

"नको. खुर्चीतल्या म्हाताऱ्यासाठी एवढ्या पायऱ्या कोण चढेल? उचला आता. थंडी वाजतेय."

पोरांनी पेटी उचलली.

एफ्रेनने शब्द पाळला. त्याची टोळी आता आमच्या वळणावर नुसतं गाणं म्हणून पुढे जाते. बाकीच्या टोळ्या सांगतातच. मार्चमध्ये पालिकेची माणसं आली आणि निळ्या अक्षरांची पाटी भिंतीत बसवून गेली. रेमेदिओसने त्यांना आतोले पाजलं, एक पेला वहिनीलाही आणून दिला. वहिनीने तो घेतला. भांडण करण्याइतकं तिच्यात काही उरलं नव्हतं, आणि रेमेदिओस वाईट बाई नाही.

तामाले विकणं तिने सोडलं. पायऱ्या उतरणं जवळजवळ बंदच झालं. मागच्या आठवड्यात घरातला गॅस संपला, मी तिच्याकडेच होते. तिने दुकानात फोन लावला.

"कोणती गल्ली?" पलीकडून विचारलं.

"गटाराची."

"अशी गल्ली नाही आमच्याकडे, बाई."

वहिनीने फोन छातीशी धरला आणि माझ्याकडे पाहत राहिली. मग तिने फोन पुन्हा कानाला लावला.

"वाट पाहणारीची," ती म्हणाली.

"हां, ती होय. तिथे राहता तुम्ही? ती बाई खरंच आहे का हो?"

"आहे," वहिनी म्हणाली. "सिलिंडर वरपर्यंत आणून द्या. मला खाली येववत नाही."