गुंडीचं वजन करणारा काटा

मी एक जुना वजनकाटा आहे. मुलांच्या दवाखान्यात खिडकीखाली उभा असतो. बाळांसाठी माझ्यावर पत्र्याचं पसरट ताट बसवतात, मोठी मुलं नुसती उभी राहतात. मित्रांनो, माझं अंग थंडगार, त्यामुळे नवं बाळ ठेवलं की ते भोकाड पसरतंच. इतक्या वर्षांत मला शाबासकी कुणी दिली नाही. आकडा मनासारखा आला तर बाळ गुणाचं, नाही आला तर काटा बिघडलेला!

गुंडी पहिल्यांदा आली तेव्हा चार दिवसांची होती. पोटातच तिचे ठोके मंदावले, म्हणून घाईघाईने ऑपरेशन करून तिला बाहेर काढलं होतं. आईला धड उभंही राहवत नव्हतं, पण लेकीवरून तिची नजर हटत नव्हती.

गुंडी बाळसेदार झाली. सातव्या वर्षापर्यंत तिच्या कार्डावरची वजनाची रेघ वरच वर चढत गेली. तिच्या आत्याला निमित्तच मिळालं. "ऑपरेशनची मुलं पुढे जाड होतात, वाचलंय मी," असं ती आईच्या कानीकपाळी ओरडत राहिली. आईने ते मनाला लावून घेतलं.

परवा वजनाचा दिवस होता. आईने गुंडीचे बूट काढले, स्वेटर काढला, केसांतल्या पिनासुद्धा काढल्या. मला हसू आलं. पण पोर माझ्यावर चढली आणि माझा काटा थरथरू लागला. तिचे पायच लटपटत होते. सिस्टरबाईंनी तिला धरलं.

"सकाळी काय खाल्लंस गं?"

"काही नाही. कालपण एकदाच जेवले."

आईच्या डोळ्यांत पाणी आलं. "मीच कमी वाढत होते. हे माझ्यामुळेच झालंय ना? मला नीट बाळंत होता आलं नाही."

"अहो, काय हे!" डॉक्टरबाई म्हणाल्या. "ऑपरेशनने जन्मलेल्या मुलांचं वजन पुढे थोडं जास्त असतं, असं काही अभ्यासांत दिसलंय. पण ते ऑपरेशनमुळेच, असं छातीठोकपणे कुणी सांगू शकत नाही. आईचं वजन, घरचं खाणं, खेळ, झोप, कितीतरी गोष्टी असतात. वजनाचं आपण बघू, पण उपाशी ठेवून नाही. आणि त्या दिवशी ऑपरेशन झालं नसतं, तर आज वजन कुणाचं केलं असतं?"

आईने पदराने डोळे पुसले. गुंडी मात्र अजून माझ्यावरच उभी होती. तिने हळूच विचारलं, "डॉक्टरबाई, मी किती भरले की मला जेवायला मिळेल?"

एवढी मोठी पोर, पण आईने तिला उचलून छातीशी घेतलं. दोघी बाकावर बसल्या. सिस्टरबाईंनी आपला डबा उघडून त्यांच्यापुढे ठेवला. आकडा वाचायचं कुणाला सुचलंच नाही, आणि मला त्याचं जराही वाईट वाटलं नाही.

मित्रांनो, मला फक्त किलो कळतात. कुणाची चूक किती, ते माझ्यावर मोजू नका. आणि माझ्याकडे याल तेव्हा जेवून या. दोन घास जास्त भरले तर मी कुरकुरणार नाही.