पहिल्या पानावर पोचलेली रजई

मी बुलडाणा जिल्ह्यातल्या धाड गावच्या रजईवालीचा ब्लॉग बोलतोय. हसू नका. फाटक्या छत्रीला आणि मोडक्या खुर्चीला मन मोकळं करता यावं म्हणून तुम्ही शाळेत पोरांकडून पानंच्या पानं लिहून घेता, मग मलाच तोंड का नसावं? शिवाय मी काही ऐरागैरा ब्लॉग नाही. एका हंगामात मी सर्चच्या पहिल्या पानावर होतो, वरून तिसरा! तिथे कसा पोचलो ते मात्र आधी ऐकून घ्या. अभिनंदन करायला हात पुढे केला असेल तर थोडं थांबा.

माझा जन्म २०१६ च्या हिवाळ्यात, काच तडकलेल्या एका मोबाइलवर झाला. धाडला बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर जाकीरभाईंचं गाद्या-रजयांचं दुकान आहे. जाकीरभाई यंत्रावर कापूस पिंजतात आणि त्यांची बायको खुर्शीदा रजया भरून टाके घालते. त्यांची मुलगी सफा बुलडाण्याला कॉलेजात शिकायची. मला काढलं ते तिने. खुर्शीदा उर्दू शाळेत चौथीपर्यंत शिकलेली. मराठी ती गिऱ्हाइकांशी बोलून बोलून शिकली. बोलते अशी की समोरचा घासाघीस विसरतो, पण मराठी वाचता तिला येत नाही. म्हणून ती रजईवर वाकून टाके घालता घालता सांगायची आणि सफा समोर बसून टाइप करायची. मायलेकी घरात हिंदी-उर्दूच बोलतात, पण माझ्यासाठी खुर्शीदा वऱ्हाडीत सांगायची, कारण माझं गिऱ्हाईक मराठी.

माझा पहिला लेख कापूस कसा ओळखावा यावर होता. कापूस मुठीत दाबा, मूठ उघडा, फुलून वर आला तर रजईला घ्या, नाहीतर परत करा. एवढंच. बीटी बियाणं आल्यापासून जुना देशी कापूस कसा दिसेनासा झाला हेही त्यात होतं. जाकीरभाईंनी यंत्र बंद करून एक वाक्य मुद्दाम घालायला लावलं होतं, "हा नवा कापूस दिसाले गोरागोमटा, पण एकदा बसला का उठत नाही." पुढे जुनी रजई कशी उसवावी, बाळाच्या दुपट्याला टाके कुठून सुरू करावेत, असं एकेक येत गेलं. खुर्शीदा जे हाताने करत होती तेच सांगत होती, म्हणून त्यात चूक नसायची.

वाचक दोन. एक सफा स्वतः. दुसऱ्या, मेहकरच्या निवृत्त शिक्षिका शैलजाबाई. त्या प्रत्येक लेखाखाली आधी शुद्धलेखनाच्या चुका काढायच्या आणि मग नातवासाठी रजई मागवायच्या. मी सुखात होतो. पण सुखात असलेल्याला किती जण बघतात, हे विचारणारं कुणीतरी भेटतंच. सफाला कॉलेजात मैत्रिणीने विचारलं, "तुझ्या ब्लॉगले व्ह्यूज किती?" झालं. पोरगी घरी आली ती तोंड पाडून.

मग शंतनु आला. बुलडाण्याच्या एका कार्यालयातले कारकून भालचंद्रराव, त्यांचा हा मुलगा. कॉम्प्युटर क्लास चालवायचा आणि उरलेल्या वेळात लोकांना सर्चच्या पहिल्या पानावर चढवायचा. फी म्हणून त्याने एक डबल रजई ठरवून घेतली होती, मखमली अस्तराची. दुकानातल्या सगळ्यात नव्या गादीवर मांडी घालून त्याने लॅपटॉप उघडला, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि डॉक्टरने जीभ बघून मान हलवावी तशी मान हलवली.

"काकू, तुमचा माल चांगला आहे, पण तुम्ही सापडतच नाही."

"मी सापडत नाही?" खुर्शीदाची सुई थांबली. "बाजारात कोनालेबी विचार बेटा, आंधळाबी दुकान दाखवीन."

"बाजारात नाही हो, सर्चमध्ये."

खुर्शीदाने सफाकडे पाहिलं. सफाने हळूच मान डोलावली. एवढ्या शिकलेल्या दोघांपुढे आपण काय बोलणार, म्हणून ती पुन्हा टाके घालू लागली. तिथेच चुकलं.

शंतनुने पहिल्या आठवड्यात माझ्यात जिथे तिथे 'रजई' हा शब्द कोंबला. माझं एक वाक्य असं झालं : 'बुलडाणा रजई घेताना उत्तम रजई, स्वस्त रजई आणि कापूस रजई यांतली रजई कोणती हे रजई घेण्यापूर्वी पाहावे.' वाचताना मलाच ठसका लागायचा. शैलजाबाईंनी लिहिलं, 'लेखिकेची तब्येत बरी आहे ना?' वाचक दोनाचे चार झाले. त्यातला एक शंतनु होता आणि एक त्याची आई.

पण शंतनु हार मानणारा नव्हता. २०१७ चा खरीप संपत आला होता. कपाशीला बोंडं धरली होती आणि गुलाबी अळीने गावोगाव उच्छाद मांडला होता. फुलं उमलायच्या आधीच पिळवटून डोमकळ्या होत होत्या, बोंडाला वरून काही दिसत नव्हतं आणि फोडलं की आत अळी. त्या बीटीत अळी येणारच नाही असं ऐकून लोकांनी बियाणं घेतलेलं. मग जो तो मोबाइल काढून एकच शब्द शोधू लागला.

"सफा, लोक काय शोधून राह्यले ते पाय," शंतनु म्हणाला. "बोंडअळी! रजई कोणी शोधत नाही. आपल्याकडं किडीवर काही आहे का?"

होतं ना. रजईत कीड लागली तर काय करावं, असा खुर्शीदाचा एक लेख होता. 'रजईत कीड लागली तर घाबरू नका. औषध मारू नका, त्याचा वास जात नाही. आठ दिवस कडक ऊन द्या, कीड आपोआप निघून जाते.' साधं आणि खरं.

शंतनुने त्यातला 'रजई' शब्द एका झटक्यात काढून तिथे 'कपाशी' टाकला. वासाचं वाक्य लांब होतंय म्हणून उडवलं. आता लेख असा झाला : 'कपाशीत कीड लागली तर घाबरू नका. औषध मारू नका. आठ दिवस कडक ऊन द्या, कीड आपोआप निघून जाते.' वर मथळा लावला, 'गुलाबी बोंडअळी : बिनखर्चाचा खात्रीशीर उपाय'. खाली लिहिलं, 'लेखिका : खुर्शीदा, धाड. कापसाच्या कामाचा तीस वर्षांचा अनुभव.' यातलं शेवटचं वाक्य तर अगदी खरं होतं!

सफा कुरकुरली, "पण सर, हे तर रजईचं होतं ना?"

"खाली आपल्या रजयांचे फोटो आहेत ना? लोक अळीसाठी येतील, जाताना रजई पाहतील. याले ट्रॅफिक म्हणतात."

ट्रॅफिक आलं. पहिल्या दिवशी शंभर, चार दिवसांत काही हजार. मी कुठल्या कुठे वर गेलो. आणि खरं सांगू? मी हरखलो. शेफारलो म्हणा. दोन वाचकांवर दिवस काढलेल्या ब्लॉगला हजार माणसं बघायला लागली की तो आपल्या पोटात काय लिहिलंय हे वाचत नाही. सफाही दर तासाला आकडा बघायची आणि मैत्रिणीला दाखवायची. वरवट बकाल गावच्या कुणीतरी माझ्याखाली विचारलं, 'ताई, ऊन देयाचं म्हंजे पाणी बंद करायचं का?' सफाने ते शंतनुला दाखवलं.

"प्रश्न आला? वा! लोक गुंतून राह्यले," तो म्हणाला. उत्तर कुणी दिलं नाही. मीही गप्प बसलो. मी तो प्रश्न वाचला होता. माझ्याच अंगावर लिहिलेला होता, न वाचून कसं चालेल? आजही तो आठवला की मला माझी शरम वाटते.

आणि मग बाजाराच्या दिवशी दुकानात अन्नपूर्णाबाई आल्या. धाडपासून जवळच त्यांचं गाव. दुकानाचं जुनं गिऱ्हाईक. त्यांच्या लेकीच्या बाळंतपणाच्या रजया खुर्शीदानेच भरल्या होत्या. नवरा गुलाबराव आत आले नाहीत, रस्त्यापलीकडे जीपजवळ पाठ करून उभे राहिले. अन्नपूर्णाबाईंनी पिशवी उलटी केली. गादीवर कडक, पिवळट, अर्धवट उकललेली बोंडं पडली. कवडी. वेचायची मजुरीही निघू नये असा कापूस.

"पाय भाभी, याची रजई भरता येते का?"

जाकीरभाईंनी सवयीने एक बोंड उचललं, मुठीत दाबलं आणि तसंच खाली ठेवलं.

"काय झालं वहिनी?" खुर्शीदाने विचारलं.

"तूच सांगितलं तसं केलं. औषध आणून ठेवलं होतं, पंप भरून होता. म्या म्हणलं फवारा. तर हे म्हणे, थांब, मोबाइलवर खुर्शीदाभाभीचं आलं, औषध मारू नका, आठ दिवस ऊन द्या. बाकी कोनाचं असतं तर आयकलं नसतं त्यायनं. तुझं नाव व्हतं म्हून आयकलं."

खुर्शीदाला काही कळेना. तिने सफाकडे पाहिलं. सफाने मोबाइल आधीच काढला होता. "वाच," खुर्शीदा म्हणाली. सफाने वाचलं. मथळा, तीन वाक्यं आणि शेवटी आईचं नाव. बाजाराच्या गलक्यातही तिचा आवाज सगळ्यांना नीट ऐकू आला. खुर्शीदाने पुन्हा वाचायला लावलं. त्या वेळी मी त्या तडकलेल्या काचेमागे होतो आणि मला लपायला जागा नव्हती.

"हे मी रजईचं सांगितलं व्हतं वहिनी," ती म्हणाली.

"मले काय माहीत," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. बोंडं तिथेच टाकून त्या निघून गेल्या. आठ दिवसांत अळी आत शिरली होती आणि नंतर फवारून काही हाती लागलं नव्हतं. आधी फवारलं असतं तर सगळं वाचलं असतं का, कोण जाणे. त्या वर्षी फवारलेल्यांचंही गेलं. पण 'फवारलं तरी गेलं' असं त्यांना पुढे म्हणता तरी आलं. गुलाबरावांना तेही म्हणता आलं नाही.

शंतनुला फोन करून बोलावलं. तो आला तो हसतच, पण गादीवरची बोंडं पाहून उभाच राहिला.

"काढ ते," खुर्शीदा म्हणाली.

"काकू, आत्ता नका काढू. तिसऱ्या नंबरवर आहे आपण. सीझन आहे."

"कोनाचा सीझन?"

शंतनु गादीच्या कडेला टेकला. मग म्हणाला, "चूक झाली, मान्य. पण पूर्ण काढलं तर मेहनत वाया जाईल. शेवटी एक ओळ टाकू, बारीक अक्षरात, की शेतकऱ्यांनी तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. सगळे तसंच करतात."

"सगळ्यायचं मले सांगू नको. त्यायनं सगळ्यायवर इसवास नाही ठेवला, माझ्यावर ठेवला." मग तिने सुई खाली ठेवली. मी जन्मल्यापासून सांगताना तिने सुई खाली ठेवलेली पाहिली नव्हती. "काढू नको सफा. काढलं तर ज्यायनं वाचलं त्यायले कसं समजीन? वरचं बोंडअळीचं नाव तेच ठेव, म्हंजे लोक तिथंच येतीन. खालचं मी सांगते ते लिही."

आणि तिने सांगितलं. 'हा ब्लॉग रजईचा हाये. बोंडअळीचं आम्हाले काही माहीत नाही. याच्या आधी इथं जे लिहिलं व्हतं ते चूक व्हतं. त्याच्यानं लोकायचं नुकसान झालं. नाव माझं हाये, म्हून चूकबी माझी हाये. इथं थांबू नका. आजच्या आज कृषी सहायकाले भेटा. खुर्शीदा, धाड.'

"अम्मी, 'आम्हाला' करू का? पुस्तकात तसं लिहितात," सफाने रडत रडत विचारलं.

"मी बोलली तसंच लिही. लोकायले माझा आवाज यायले पायजे."

शंतनुने शेवटचा प्रयत्न केला, "लोक दोन सेकंदात परत जातील काकू. असं झालं की पान खाली जातं." खुर्शीदा उठली. ठरलेली मखमली रजई तिने कागदात बांधून त्याला दिली. त्याने नको नको म्हटलं, पण नेली.

दुसऱ्या दिवशी खुर्शीदा सफाला घेऊन अन्नपूर्णाबाईंच्या घरी गेली. ओट्यावर बसून सफाने माझ्यावरचं नवं सगळं वाचून दाखवलं. गुलाबराव आत होते, बाहेर आले नाहीत. अन्नपूर्णाबाईंनी शेवटपर्यंत ऐकलं. "बरं केलं," त्या म्हणाल्या, आणि चहा ठेवायला उठता उठता, "आमच्या वक्ताले पायजे व्हतं." चहा दिला. लेकीच्या दुसऱ्या बाळंतपणाची रजई मात्र त्यांनी दुसरीकडून घेतली. खुर्शीदाने ते ऐकलं आणि कुणालाच दोष दिला नाही.

शंतनुचं खरं ठरलं. लोक आले, दोन ओळी वाचून परत गेले आणि मी घसरत घसरत आता कितव्या पानावर आहे ते मलाही ठाऊक नाही. सफाचं लग्न झालं. तरी ती महिन्या-दोन महिन्यांनी आईला फोनवर विचारून माझ्यात एखाद्या टाक्याची नाहीतर अस्तराची माहिती घालते. शैलजाबाईंनी खुर्शीदाच्या त्या मजकुरात एकही चूक काढली नाही. मी वाट पाहिली होती.

माझ्या वर बरीच पानं आहेत. त्यांना बोंडअळी, गुडघेदुखी, वशीकरण, शेअर बाजार, सगळं ठाऊक आहे. ती तुम्हाला म्हणतात, थांबा, अजून वाचा, खाली बघा, हेही आवडेल. थांबलात की ती वर चढतात. दरवर्षी बोंडं धरायच्या दिवसांत चुकूनमाकून पाच-सहा जण माझ्यापर्यंतही पोचतात. कुणी सिंदखेडराजाचा, कुणी मोताळ्याचा, कुणी कुठला. बांधावर उभं राहून फोन उन्हापासून तळहाताने झाकत वाचत असतील. तुम्ही त्यांतलेच असाल तर माझी विनंती एवढीच आहे : मला वाचत बसू नका. खुर्शीदा म्हणते तसं, इथं थांबू नका. पंप भरलेला असेल तर तो उन्हात ठेवून मोबाइल बघण्यात दिवस घालवू नका. ज्याला अळी कळते त्याच्याकडे निघा.