दुनळीची गादी

पोलीस मैदानावर दिपमालाने पहिला बार काढला तेव्हा बंदुकीचा दस्ता तिच्या खांद्यात बसलेला नव्हता, दंडावर टेकलेला होता. छर्रे निशाणाच्या अलीकडे मातीत गेले. ती झोकांडली आणि मागे रांगेत बसलेले पुरुष हसले. शिकवणारे जमादार मात्र हसले नाहीत.

"बंदूक तुमच्या मापाची नाही, बाई," ते म्हणाले. "दुरुस्त करून आणा, पुढच्या तुकडीत पुन्हा घेतो. तेव्हाही असंच झालं तर मी सही करणार नाही."

बंदूक चालवायला शिकल्याच्या दाखल्यावरची ती सही झाली नसती तर बंदूक घरात राहिली नसती. चाळीसगाव तालुक्यात डोंगराला लागून असलेल्या गावात दिपमालाचे वडील जीवराम पाटील यांच्याकडे पीक संरक्षणाचा परवाना होता. जीवरामआबांनी सत्तरी ओलांडली होती आणि त्यांचा उजवा हात थरथरत होता. मुलगा स्वप्नील नाशिकला नोकरीला. त्याने परवाना नको म्हणून लिहून दिलं होतं. शेती दिपमालाच बघायची. मक्यात रानडुकरं शिरली की हवेत बार काढायला आबांना उठवावं लागे, आणि ते तिला आवडत नसे. परवाना तिच्या नावावर झाला नाही तर दुनळी ठाण्यात जमा होणार होती. गावात त्यांच्या घराला 'बंदूकवाले' म्हणत.

पुढच्याच बाजारच्या दिवशी बापलेक धुळ्याला रुपचंदभाऊंच्या दुकानात आले. बंदूक दुरुस्तीचा परवाना असलेलं ते जुनं दुकान. रुपचंदांनी परवाना पाहिला, बंदूक खोळीतून काढली, दोन्ही नळ्या उघडून रिकाम्या असल्याची खात्री केली. मग दिपमालाला कोपर दुमडायला सांगून दस्त्याचं टोक कोपराच्या वळणात टेकवलं. तिचं बोट चापाच्या अलीकडेच राहिलं.

"एवढ्या लांब दस्त्याने धक्का बसणारच. वरून हे रबर बघा, दगड झालंय." दस्त्याच्या टोकाला अंगठ्याच्या रुंदीइतकी जाड रबरी गादी होती. "मागून लाकूड कापतो आणि नवी गादी बसवतो."

"लाकूड कापानं नही," आबा म्हणाले.

"आबा, त्याशिवाय लांबी कमी कशी होणार?" रुपचंदांनी विचारलं.

"मना बापनी बंदूक शे ती. कापानी व्हई तर ठाण्यात देई टाकसू."

रुपचंदांनी दिपमालाकडे पाहिलं. तिने बापाला समजवायचा प्रयत्न केला नाही. तो करून काही होत नाही हे तिला ठाऊक होतं.

"आधी रबर काढा ना भाऊ," ती म्हणाली. "खाली काय आहे ते बघू. करवतीचं नंतर."

गादी काढायची तर स्क्रू सापडायला हवे होते. ते रबरात खोल असतात, वर फक्त बारीक चीर दिसते. इथे चीरही दिसेना. रुपचंदांनी सुई टोचत टोचत वरचा भाग उकरला तसा लाल भुगा निघाला. त्याच्या खाली पिवळा, मग पुन्हा लाल.

"हे काय?"

"हळदकुंकू," दिपमाला म्हणाली. "दसऱ्याला पूजा होते."

"आणि तेल?"

"शेंगदाण्याचं. आई दरवर्षी पूर्ण बंदुकीला चोळते."

"नळीला चोळा, लाकडाला चोळा. रबराला तेल म्हणजे विष! आधी फुगतं, मग चिकट होतं, मग असं मरतं."

"देवले काय कोरडं ठेवतस?" आबा गुरगुरले.

"देवाला नाही म्हणत आबा, रबराला म्हणतोय."

आबांनी तोंड फिरवलं, पण खुर्ची जवळ ओढली.

पहिला स्क्रू गंजला होता. रुपचंदांनी तापवलेल्या सळईचं टोक त्याच्या डोक्यावर धरलं, थंड होऊ दिलं, मग पेचकस लावला. स्क्रू करकरत फिरला. दुसरा सहज निघाला. तरी गादी सुटेना. जुन्या सरसाने ती लाकडाला धरून ठेवली होती. पातळ पातं फटीत सरकवत ते कडेकडेने फिरले. पात्याला काळा चिकटा लागत होता, तो ते पुन्हा पुन्हा पुसत होते. शेवटी गादी एका बाजूने उचलली आणि तुकड्यातुकड्यांनी हातात आली.

खालचं लाकूड तेलाने काळवंडलं होतं. रुपचंदांनी त्यावर खडूची पूड थापली. तेल शोषून पूड पिवळी पडली की झटकायची, पुन्हा नवी थापायची. चहा येऊन गेला, बाहेर शाळा सुटली, तरी ते हेच करत राहिले. मग कोरडा ब्रश फिरवला आणि ते थांबले.

दस्त्याच्या टोकावर कोरीव काम होतं. बारीक चौकटींची जाळी, कडेपासून कडेपर्यंत. मधे फक्त स्क्रूची दोन भोकं.

"आबा, या लाकडाला कधीच करवत लागलेली नाही," रुपचंद म्हणाले. "कारखान्यातून निघाली तेव्हा ती इतकीच होती. गादी तुमच्या वडिलांनी वरून वाढवलीय. उंच होते का?"

"दारमा वाकीसन येवो," आबा म्हणाले. दारातून वाकून यावं लागणारा माणूस. "हात तर आठे लगून." त्यांनी गुडघ्यापाशी बोट नेलं.

"मग बरोबर. त्यांनी स्वतःच्या हाताच्या मापाने लांब करून घेतली." रुपचंदांनी जाळीवरून बोट फिरवलं. "आणि मी हे कापणार होतो. दिपमालाताई, तुम्ही बोललात ते बरं झालं."

त्यांनी उघडा दस्ता आबांच्या कोपरात टेकवला. आबांचं बोट अलगद चापावर पोचलं. त्यांनी बोटाकडे पाहिलं, मग बंदुकीकडे.

"आते गावनं काय करू?" ते म्हणाले. "मना बार आभाळमा जाये म्हनीसन बठ्ठा गाव मले 'आभाळमार पाटील' म्हने."

"सांगा, नेम चांगला होता, रबर जाड होतं."

आबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. दिपमालाने पाणी दिलं.

नव्या गादीसाठी रुपचंद ती जाळी घासून सपाट करणार होते. या वेळी नको म्हणाली ती दिपमाला, आबा नव्हे. मधे मऊ कातडं घाला, तिने सुचवलं. जाळी त्यात दबून बसेल आणि कुणाला कधी गादी काढावीशी वाटली तर जाळी शाबूत निघेल. रुपचंद कातडं शोधायला उठले. त्यांनी जुन्या भोकांत लाकडाच्या काड्या ठोकून नवे स्क्रू आवळले. गादी बोटापेक्षाही पातळ निवडली. लाकडाला चिकटपट्टी गुंडाळून रबराच्या कडा घासल्या, त्या दस्त्याच्या उतारात उतार मिळवून. पट्टी काढली तेव्हा लाकडावर एक ओरखडा नव्हता.

दिपमालाने बंदूक खांद्याला लावली. या वेळी गाल आपसूक लाकडावर आला.

पुढच्या तुकडीत जमादारांनी तिला पहिलंच बोलावलं. परवानाधारक म्हणून आबा शेजारी उभे होते. तिने दोन्ही बार काढले. दोन्ही वेळा कागदाची चाळण झाली आणि ती जागची हलली नाही. जमादारांनी सही केली. "कुणाकडून शिकलात?" त्यांनी विचारलं. आबांनी छाती काढली, पण ती काय उत्तर देते ते ऐकायला थांबले.

"आबांकडून," ती म्हणाली. "रबर सोडून."

दसऱ्याच्या आधी परवाना तिच्या नावावर झाला. दसऱ्याला अंगणात पाट मांडला, दुनळीला झेंडूची माळ घातली. शेजारीपाजारी जमले. दिपमालाच्या आईने, मंजुळाबाईंनी, सवयीने तेलाची वाटी उचलली आणि हात दस्त्याच्या टोकाकडे नेला.

"थांब! रबरले तेल लावानं नही," आबा ओरडले.

"मंग कोठे लावू?" मंजुळाबाई चिडल्या. "इतला वरीस लावं ना मी?"

"मले नको इचारू." आबांनी जमलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "दिपमालाले इचार. बंदूक तिनी शे."