एका काडीचा चष्मा

मित्रांनो, माझी एक काडी मोडलेली आहे आणि तिच्या जागी काळा दोरा बांधलेला आहे. तरीही मी स्वतःला चष्मा म्हणवून घेतो. संस्थानी जव्हारातला मी जुना चष्मा.

मुंबईच्या एका दुकानात माझी भिंगं चौकटीत बसवली आणि मी जव्हारला आलो तो बळवंतरावांच्या नाकावर बसूनच. राव दरबारच्या कचेरीत कारकून होते. वयाच्या चाळिशीत लागतो म्हणून घरात मला ‘चाळिशी’ म्हणत. माझा थाट काय विचारता! माझ्यावाचून रावांचं पान हलत नसे, आणि दौत कलंडली तरी दोष माझाच. मग एकदा राव झोपाळ्यावर बसायला गेले ते माझ्यावरच बसले. काडी मोडली. सोनेरी काड्यांचा नवा चष्मा आला आणि मी कोनाड्यात अडकित्त्याशेजारी धूळ खात पडलो. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

जवळच्या जामसर गावची सकू पत्रावळीची पानं विकायला आमच्या दारी यायची. भातकापणीच्या दिवसांत ती आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता.

“यंदा आमचे पाड्यावर नाच नाय होयाचा, बाय. म्हाताऱ्याचा तारपा बोलं नाय. कोनाची तरी नजर लागली.”

तारपा म्हणजे भोपळ्याचं आणि बांबूच्या नळ्यांचं, फुंकून वाजवायचं वाद्य. सकूचा नवरा ढवळू तो स्वतः करायचा आणि वाजवायचाही. नवं भात घरात आलं की त्याच्याभोवती सगळा पाडा फेर धरायचा. यंदा मात्र पलीकडच्या पाड्यावरून दुसरा वाजवणारा आणावा, अशी कुजबुज सुरू झाली होती. ढवळूला धड घास जात नव्हता.

रावांच्या पत्नी कुसुमावतीबाईंनी विचारलं, “पायातला काटा दिसतो का गं त्याला?”

“नाय. मीच काढतां.”

बाईंच्या ध्यानात आलं. त्यांनी मला कोनाड्यातून काढलं, पदराने पुसलं, मोडक्या काडीच्या जागी दोरा बांधला. “ही चाळिशी ने. नजरेवर फार चांगली आहे.”

झालं! सकूच्या मनात नजर एकच, ती लागलेली. तिने मला घरी नेलं आणि बिब्बा बांधावा तसं तारप्याच्या भोपळ्याला बांधून टाकलं. ढवळूने मला भक्तिभावाने हात जोडले, तेही डोळे मिटून! मी सांगणार तरी कसं? मला टेकायला दोन कान लागतात, पण बोलायला तोंड नाही.

तारपा मुकाच राहिला. भात घरात आलं. ढवळू अंगणात उन्हाला बसला आणि शेवटचं बघावं म्हणून त्याने तारपा उघडला. नळीच्या टोकाला बांबूची पातळ जीभ असते. तिची चीर वाकडी गेली की आवाज गेलाच. ती बघायला त्याने हात लांब करून नळी धरली. दुसऱ्या हातातल्या भोपळ्याला लोंबकळणारा मी मध्ये आलो. तो मला बाजूला सारणार, तोच थांबला.

“सकू! चीर वाकडी हाय!”

“कोनी केली?”

“मीच. दुसरीबी वाकडीच.” मग मला सोडवून त्याने नाकावर ठेवलं, दोरा कानाला गुंडाळला आणि नवी जीभ तासायला घेतली.

संध्याकाळी तारपा बोलला. माणसं झोपड्यांतून धावत आली. “नजर उतरली रं!” कुणीतरी ओरडलं.

“उतरली नाय,” ढवळू म्हणाला, “नाकावं चढली!”

लांबचं माझ्यातून धूसर दिसतं. म्हणून नाच सुरू होताना त्याने मला अलगद कमरेच्या फडक्यात खोचलं. मी नाच पाहिला नाही, पण ऐकला. इतका आनंद मला रावांच्या नाकावर कधी झाला नव्हता.

मित्रांनो, तुमच्या घरी माझा एखादा भाऊबंद धूळ खात असेल, तर तो ज्याला परवडत नाही त्याला द्या. पण नुसता हातात ठेवून परत फिरू नका. स्वतः त्याच्या नाकावर बसवा आणि विचारा, “दिसतं का?”